ओरॅकलमधून पोस्टग्रेसमध्ये: ईटीएलने टेबले हलवताना

एका डेटाबेसमधले टेबल दुसऱ्या डेटाबेसमध्ये नेण्याचे काम ईटीएल साधनात, म्हणजे माहिती एकीकडून काढून, तिचे रूप बदलून दुसरीकडे भरणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, दिसायला फार सोपे असते. डावीकडे ‘टेबल इनपुट’ ठेवायचे, उजवीकडे ‘टेबल आउटपुट’ ठेवायचे, दोघांना बाणाने जोडायचे आणि चालवायचे. ओळी धावू लागतात, खालच्या पट्टीत सेकंदाला किती ओळी गेल्या ते दिसते, शेवटी हिरवी खूण येते आणि काम झाले असे वाटते. माझा अनुभव असा आहे की ही हिरवी खूण फक्त एवढेच सांगते की दोन्ही डेटाबेसांपैकी कोणीही तक्रार केलेली नाही. आत गेलेल्या माहितीचा अर्थ तोच राहिला का, याची ग्वाही ती देत नाही आणि देऊही शकत नाही, कारण स्तंभाचा अर्थ साधनाला ठाऊक नसतो. तो आपण आधी लिहून काढावा लागतो आणि नंतर ताळा करून तपासावा लागतो. या दोन कामांच्या मानाने बाण जोडणे हा कामाचा सर्वांत लहान भाग आहे.

हे सगळे एका ठोस उदाहरणावर लिहिते. एका पतसंस्थेचे सभासद, ठेवी आणि कर्जखाती ओरॅकल या डेटाबेसमध्ये होती आणि ती पोस्टग्रेएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये, म्हणजे आपण रोजच्या बोलण्यात ज्याला पोस्टग्रेस म्हणतो त्यात, न्यायची होती. नवे ॲप्लिकेशन पोस्टग्रेसवर लिहिले जात होते आणि ते तयार होईपर्यंत जुने ॲप्लिकेशन ओरॅकलवर रोज चालूच राहणार होते. म्हणजे एकदाच उचलून ठेवण्याचे हे काम नव्हते. आधी सगळा जुना साठा न्यायचा, मग रोज बदललेले तेवढे न्यायचे आणि ठरलेल्या दिवशी जुने दार बंद करायचे, असे तीन टप्पे होते.

साधन म्हणून पेंटाहो डेटा इंटिग्रेशन वापरले, ज्याला जुने लोक अजूनही केटल म्हणतात. बेल्जियमच्या मॅट कास्टर्स यांनी ते लिहिले, २००५च्या अखेरीस मुक्त स्रोत म्हणून खुले केले, त्यानंतर ते पेंटाहो कंपनीकडे आणि २०१५मध्ये पेंटाहोसह हिताचीकडे गेले. त्याच मूळ कोडमधून पुढे अपाची हॉप हा प्रकल्प निघाला आणि २०२२च्या जानेवारीत तो अपाची फाउंडेशनचा स्वतंत्र, उच्च स्तरावरचा प्रकल्प झाला. आज कोऱ्या पाटीवर सुरुवात करायची असेल तर मी हॉपच घेईन, मात्र खाली लिहिलेले जवळजवळ सगळे दोघांनाही लागू आहे. केटलमध्ये ज्यांना ट्रान्सफॉर्मेशन (बाणांनी जोडलेल्या स्टेपचे चित्र) आणि जॉब (अशी कामे क्रमाने चालवणारी यादी) म्हणतात त्यांनाच हॉपमध्ये पाइपलाइन आणि वर्कफ्लो म्हणतात.

या साधनाची एक गोष्ट सुरुवातीलाच समजून घेतली पाहिजे, ती अशी की ट्रान्सफॉर्मेशनमधल्या सगळ्या स्टेप एकाच वेळी चालतात. प्रत्येक स्टेप हा वेगळा थ्रेड, म्हणजे स्वतंत्रपणे चालणारे काम, असतो, ओळी एका स्टेपमधून दुसरीत रांगेने जातात आणि रांग भरली की मागची स्टेप थांबते. त्यामुळे ‘आधी हे, मग ते’ असा क्रम ट्रान्सफॉर्मेशनमध्ये गृहीत धरता येत नाही. टेबल रिकामे करण्याची एसक्यूएल (डेटाबेसला द्यायची आज्ञा) त्याच चित्रात टाकली तर ती, ‘प्रत्येक ओळीसाठी चालवा’ ही खूण केलेली नसल्यास, पहिली ओळ वाचली जाण्याआधीच तयारीच्या टप्प्यात चालून जाते. समजा स्रोताची क्वेरी (माहिती मागणारी आज्ञा) नंतर चुकली, तर लक्ष्य टेबल तोवर रिकामे झालेले असते. क्रम महत्त्वाचा असेल तेथे जॉब वापरावा आणि त्यात ट्रान्सफॉर्मेशन एकामागून एक लावावेत.

पहिले काम मात्र या साधनाच्या बाहेर, एका साध्या स्प्रेडशीटमध्ये होते. ओरॅकलच्या डेटा डिक्शनरीतून, म्हणजे टेबले आणि स्तंभ यांची डेटाबेसने ठेवलेल्या नोंदीतून, सगळे स्तंभ काढून घ्यायचे आणि प्रत्येकापुढे त्याचा प्रकार, त्यातली सर्वांत मोठी लांबी, नल, म्हणजे किंमतच नसलेल्या जागा, किती, वेगळ्या किमती किती, सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी किंमत कोणती, हे क्वेरीने भरून घ्यायचे. त्यानंतर संस्थेतल्या जुन्या कर्मचाऱ्यांजवळ बसून प्रत्येक स्तंभाचा अर्थ एका ओळीत लिहून घ्यायचा. हे कंटाळवाणे काम टाळण्याचा मोह सगळ्यांना होतो. पण जन्मतारखेच्या स्तंभात ०१/०१/१९०० ही तारीख शेकडो सभासदांना आहे आणि तिचा अर्थ ‘तारीख माहीत नाही’ असा आहे, हे कोणतेही साधन सांगत नाही. ते वर्षानुवर्षे काउंटरवर बसलेल्या माणसालाच ठाऊक असते.

मराठी मजकूर हा या सगळ्या कामातला सर्वांत नाजूक भाग आहे, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहिते. ओरॅकलमध्ये व्हारचार२ प्रकारच्या स्तंभाची लांबी, वेगळे काही सांगितले नसेल तर, बाइटमध्ये मोजली जाते आणि पोस्टग्रेसमध्ये ती अक्षरचिन्हांमध्ये मोजली जाते. युटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव वाचताना चार अक्षरांचे वाटते, पण ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र अशी त्यात दहा चिन्हे आहेत आणि ओरॅकलच्या लेखी ते तीस बाइटचे आहे. म्हणजे साठ बाइटच्या स्तंभात देवनागरीची फक्त वीस चिन्हे मावतात. ओरॅकलमधून पोस्टग्रेसकडे येताना आकड्यातली लांबी तीच ठेवली तरी काही तुटत नाही. उलट दिशेने जाताना मात्र ओआरए-१२८९९, म्हणजे मजकूर स्तंभात मावत नाही, ही त्रुटी ठरलेलीच आहे. तरीही इकडे येतानासुद्धा या मर्यादेकडे पाहण्याचे कारण आहे. जेथे जागा अपुरी होती तेथे नोंद करणाऱ्यांनी नावे आखडून लिहिलेली असतात, ‘ज्ञाने.’ किंवा नुसते ‘ज्ञा.’. स्तंभाच्या कमाल लांबीला टेकलेल्या नोंदी वेगळ्या काढल्या की अशी नावे एका जागी सापडतात.

त्याहून जुना प्रश्न फाँटांचा आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी महाराष्ट्रातल्या बहुसंख्य कार्यालयांत मराठी मजकूर आठ बिटच्या फाँटांमध्ये टंकला जात असे. इस्की या भारतीय लिप्यांच्या संकेतप्रणालीचे आयएस १३१९४ हे भारतीय मानक १९९१चे आहे, पण प्रत्यक्षात अनेक प्रणाल्यांत इस्की न साठवता थेट फाँटातल्या आकारांचे क्रमांकच साठवले गेले. असा मजकूर डेटाबेसच्या लेखी इंग्रजी आणि युरोपीय अक्षरांची खिचडी असतो आणि तो फाँट लावल्यावरच मराठी दिसतो. ईटीएल साधन तो जसाच्या तसा उचलते, पोस्टग्रेस तो आनंदाने स्वीकारतो, ओळींची संख्या जुळते आणि नव्या ॲप्लिकेशनच्या पडद्यावर मात्र कोणाचेच नाव वाचता येत नाही.

अशा मजकुराचे रूपांतर म्हणजे नुसते चिन्हाला चिन्ह बदलणे नव्हे, कारण फाँटातला क्रम डोळ्यांना दिसतो तसा असतो आणि युनिकोडमधला क्रम उच्चाराचा असतो. ‘शर्मिला’ हे नाव अशा बहुतेक फाँटांत श, मग ऱ्हस्व वेलांटी, मग म, मग रफार, मग ला, या क्रमाने साठवलेले असते. युनिकोडमध्ये तेच नाव श, र, हलन्त, म, वेलांटी, ल, काना असे असते. म्हणजे वेलांटी पुढे सरकवावी लागते आणि रफार मागे, तोही पूर्ण जोडाक्षर ओलांडून. हे रूपांतर केटलच्या जावास्क्रिप्ट स्टेपमध्ये लिहिता येते. नियम लिहून झाल्यावर त्यांची परीक्षा सर्वसाधारण नावांवर न घेता जोडाक्षरांनी भरलेल्या नावांवर घ्यावी: ‘कीर्तिकर’, ‘लक्ष्मी’, ‘श्रीकृष्ण’, ‘मृत्युंजय’. ही चार नीट आली तर बाकीची बहुधा येतात.

ज्या जुन्या ओरॅकल डेटाबेसचा कॅरेक्टर सेट सात बिटचा आस्की आहे आणि त्यात आठ बिटचा मजकूर वर्षानुवर्षे साठवला गेला आहे, तेथे आणखी एक अडचण येते. जुन्या ॲप्लिकेशनची सेटिंग डेटाबेससारखीच असल्यामुळे बाइट जसेच्या तसे आत-बाहेर होत असतात, पण जेडीबीसी ड्रायव्हर (जावात लिहिलेल्या केटलला डेटाबेसशी जोडणारा दुवा) प्रत्येक मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करतोच आणि आठवा बिट असलेले बाइट त्याला अवैध वाटतात. परिणामी मराठी मजकूर वाचतानाच नष्ट होतो. यावरचा उपाय असा की क्वेरीतच ओरॅकलच्या यूटीएल-रॉ पॅकेजमधले ‘कास्ट टू रॉ’ वापरून तो स्तंभ मजकूर म्हणून न वाचता कच्चे बाइट म्हणून वाचावा आणि रूपांतर आपल्या हातात ठेवावे.

मजकूर युनिकोडमध्ये आला तरी मराठीचे खास म्हणावे असे एक दुखणे उरतेच. सातारा जिल्ह्यातल्या कऱ्हाड तालुक्याचे उदाहरण घेऊ. त्यातला ‘ऱ्ह’ तीन प्रकारांनी लिहिता येतो आणि तिन्ही प्रकार पडद्यावर हुबेहूब सारखे दिसतात. पहिल्यात ऱ हे स्वतंत्र चिन्ह, यू+०९३१, आणि पुढे हलन्त असतो. दुसऱ्यात साधा र, त्याला नुक्ता (अक्षराखालचे टिंब) आणि पुढे हलन्त असतो. तिसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारे जोडचिन्ह, म्हणजे झीरो विड्थ जॉइनर, असते. कोणत्या कळफलकावरून आणि कोणत्या काळात टंकले गेले त्यावर हे अवलंबून असते. सभासदांची तालुकावार संख्या काढली की कऱ्हाड तीन वेळा येतो, शिवाय ‘कराड’ वेगळा आणि जोडचिन्ह गळून गेलेला ‘कर्हाड’ आणखी वेगळा. तालुक्याच्या नावावरून मास्टर टेबलाशी जोड घातलेला असेल तर यांतल्या बऱ्याच नोंदी जुळत नाहीत आणि त्या जुळल्या नाहीत हे कोणी सांगतही नाही.

युनिकोडचे एनएफसी हे प्रमाणीकरण यातला एकच भेद मिटवते, कारण त्यात नुक्ता लावलेला र हा ऱ होतो. पोस्टग्रेसमध्ये १३व्या आवृत्तीपासून यासाठी ‘नॉर्मलाइझ’ हे फंक्शन आहे. जोडचिन्हाच्या प्रकाराला एनएफसी हात लावत नाही, त्यामुळे ‘र, हलन्त, जोडचिन्ह’ दिसले की ‘ऱ, हलन्त’ करावे हा नियम आपल्यालाच लिहावा लागतो. उरलेल्या ‘कर्हाड’साठी मात्र सरसकट नियम लिहू नये, कारण ‘अर्हता’ आणि ‘गर्हणीय’ यांमधला रफार खरा आहे. तेथे गावांच्या अधिकृत यादीशी मिळवून, माणसाने पाहूनच दुरुस्ती करावी. मला स्वतःला हे काम मनापासून आवडते. कोणाच्या तरी गावाचे नाव नव्या प्रणालीत बरोबर जावे, याला तांत्रिक शुद्धतेच्या पलीकडचे मोल आहे.

मजकुराशीच जोडलेला पुढचा मुद्दा रिकाम्या किमतींचा. ओरॅकल रिकामी स्ट्रिंग आणि नल यांत फरक करत नाही. पोस्टग्रेस करतो. केटल स्वतः मूळ सेटिंगमध्ये ओरॅकलसारखेच वागते आणि रिकामी स्ट्रिंग नल मानते. ही वागणूक बदलायची तर त्यासाठीची सेटिंग केटल प्रॉपर्टीज फाइलमध्ये करावी लागते. ओरॅकलमधून आणलेला साठा त्यामुळे नल म्हणूनच येतो आणि ते बरोबर आहे. गोंधळ नंतर होतो, कारण नवे ॲप्लिकेशन फॉर्ममधला न भरलेला रकाना रिकामी स्ट्रिंग म्हणून साठवू लागते आणि एकाच स्तंभात ‘नाही’ या अर्थाच्या दोन वेगळ्या किमती राहू लागतात. स्थलांतराच्या वेळीच अशा स्तंभांवर रिकामी स्ट्रिंग नाकारणारा चेक कन्स्ट्रेंट लावला की हा प्रश्न उगवतच नाही.

याच फरकाचा सर्वांत दृश्य परिणाम नावांवर होतो. मराठी नाव बहुधा तीन भागांचे असते आणि मधले, वडिलांचे किंवा पतीचे, नाव कित्येक नोंदींत नसते. ओरॅकलमध्ये दोन उभ्या रेघांनी तीन भाग जोडताना मधला नल असेल तर तो गळतो आणि बाकीचे नाव राहते. पोस्टग्रेसमध्ये त्याच जोडणीत एक भाग नल असला की सगळे नावच नल होते. जुना व्ह्यू (साठवून ठेवलेली क्वेरी) जसाच्या तसा नव्या डेटाबेसमध्ये उतरवला तर मधले नाव नसलेल्या प्रत्येक सभासदाचे नाव पासबुकावरून नाहीसे होते. येथे ‘कॉन्कॅट डब्ल्यूएस’ वापरावे. ते नल भाग वगळते आणि दोन रिकाम्या जागाही शेजारी येऊ देत नाही.

युनिक इंडेक्सबाबतही, म्हणजे तीच किंमत दोनदा येऊ न देणाऱ्या नियमाबाबतही, असाच फरक आहे. दोन स्तंभांच्या युनिक इंडेक्समध्ये पहिला सारखा आणि दुसरा नल असेल तर ओरॅकल दुसरी नोंद नाकारतो, पोस्टग्रेस मात्र ती घेतो, कारण त्याच्या दृष्टीने दोन नल एकमेकांशी समान नसतात. १५व्या आवृत्तीपासून हे वर्तन इंडेक्स करतानाच बदलता येते आणि जेथे जुना नियम संस्थेच्या कामाचा भाग होता तेथे ते आठवणीने बदलावे.

आकड्यांबद्दल थोडक्यात. केटलमधला ‘नंबर’ हा प्रकार म्हणजे जावाचा डबल (दशांश अंदाजे ठेवणारा) आहे आणि ‘बिगनंबर’ म्हणजे जावाचा बिगडेसिमल (दशांश नेमके ठेवणारा). स्रोताच्या स्तंभावरून साधन स्वतः प्रकार ठरवते, पण क्वेरीत गुणाकार-भागाकार किंवा फंक्शन असले की हा अंदाज आपल्याला हवा तसा असेलच असे नाही. म्हणून प्रत्येक स्टेपच्या आउटपुट फील्डची यादी उघडून पाहावी आणि रुपयांचा प्रत्येक स्तंभ ‘सिलेक्ट व्हॅल्यूज’मध्ये बिगनंबर करून घ्यावा. डबलमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही. व्याजाच्या हजारो ओळी पैशापर्यंत पूर्ण करताना हा फरक एखाद्या पैशाने दिसू शकतो. खाते क्रमांकांचे तर याहून वाईट होते, कारण डबलमध्ये ९००७१९९२५४७४०९९३ हा पूर्णांक लिहिला की तो गुपचूप शेवटी ९९२ होतो. देशातल्या बँकांचे खाते क्रमांक सोळा अंकांच्या पुढेही जातात आणि काहींची सुरुवात शून्याने होते. ज्याची कधी बेरीज करणार नाही तो आकडा मजकूर म्हणूनच न्यावा.

तारखांत दोन सापळे आहेत. ओरॅकलच्या डेट या प्रकारात तास, मिनिटे आणि सेकंद असतात, पोस्टग्रेसच्या डेटमध्ये नसतात. नावे सारखी म्हणून डोळे झाकून डेटचे डेट केले तर व्यवहाराची वेळ कायमची जाते. येथे स्प्रेडशीटमधली नोंद कामाला येते: ज्या स्तंभातल्या सर्व किमतींची वेळ मध्यरात्रीची आहे तेवढेच पोस्टग्रेसमध्ये डेट करायचे, बाकीचे टाइमस्टँप.

दुसरा सापळा टाइमझोनचा. ईटीएल चालवणारे यंत्र यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) आणि डेटाबेस भारतीय वेळेवर असला की मध्यरात्रीची जन्मतारीख आदल्या दिवशीची सायंकाळ साडेसहा होऊ शकते आणि तारीख कापून घेताच सभासद एक दिवसाने मोठा होतो. यावर ‘सगळ्यांत साडेपाच तास मिळवा’ ही दुरुस्ती बऱ्याच ठिकाणी केलेली आढळते आणि ती वयोवृद्ध सभासदांबाबत चुकते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२च्या सप्टेंबरपासून १९४५च्या ऑक्टोबरपर्यंत, हिंदुस्थानातली घड्याळे एक तास पुढे केलेली होती आणि जावाच्या टाइमझोनच्या माहितीत ‘एशिया कोलकाता’साठी त्या काळाचा फरक साडेसहा तासांचा आहे. १० जानेवारी १९४४ची मध्यरात्र यूटीसीमध्ये ९ तारखेची सायंकाळ साडेपाच होते. तिच्यात साडेपाच तास मिळवले की ९ तारखेचे रात्रीचे अकरा वाजतात. पतसंस्थेच्या ज्येष्ठ ठेवीदारांत या वर्षांत जन्मलेले लोक आहेतच. जन्मतारीख ही घड्याळातली वेळ नव्हेच, म्हणून ती क्वेरीतच वर्ष-महिना-दिवस असा मजकूर करून वाचावी आणि लक्ष्य टेबलाच्या दारात पुन्हा तारीख करावी. मग मध्ये कोणत्याही टाइमझोनला हात घालायला जागा राहत नाही.

आता प्रत्यक्ष भरण्याकडे वळते. केटलचे टेबल आउटपुट मूळ सेटिंगमध्ये दर १००० ओळींनी कमिट करते, म्हणजे तोवरचे बदल पक्के करते, आणि इन्सर्ट बॅचने पाठवते. पोस्टग्रेसच्या जेडीबीसी पत्त्यात ‘रीराइट बॅच्ड इन्सर्ट्स’ हा पर्याय चालू केला की ड्रायव्हर अनेक ओळींचा मिळून एकच इन्सर्ट करतो आणि वेग चांगलाच वाढतो. पण येथे एक गोम आहे. पोस्टग्रेसमध्ये ट्रान्झॅक्शनमधला एक इन्सर्ट नापास झाला की पुढचे सगळेच नाकारले जातात, म्हणून स्टेपवर त्रुटी-हाताळणी लावली की केटल पोस्टग्रेससाठी बॅच बंद करते आणि प्रत्येक ओळीआधी सेव्हपॉइंट (चूक झाल्यास परत येण्याची खूण) घेऊ लागते. चुकीच्या ओळी वेगळ्या मिळतात खऱ्या, पण वेग पार खाली येतो आणि तो का आला हे लॉग नीट वाचल्याशिवाय कळत नाही.

म्हणून मी दोन पायऱ्यांची पद्धत पसंत करते. पहिल्या पायरीत प्रत्येक स्रोत टेबलासाठी पोस्टग्रेसमध्ये एक कच्चे टेबल करायचे, त्याचे सगळे स्तंभ मजकुराचे ठेवायचे, कन्स्ट्रेंट किंवा इंडेक्स एकही लावायचा नाही आणि त्यात पूर्ण वेगाने ओतायचे. दुसऱ्या पायरीत तेथून खऱ्या टेबलात एसक्यूएलने, प्रकार बदलून आणि नियम लावून न्यायचे. जी ओळ नियमात बसत नाही ती कारणासह नाकारलेल्या नोंदींच्या टेबलात जाते. या पद्धतीला जागा जास्त लागते, पण स्रोत डेटाबेसला एकदाच त्रास होतो, नियम कितीही वेळा सुधारून पुन्हा चालवता येतात आणि ‘ही किंमत मुळात कशी होती?’ या प्रश्नाचे उत्तर शेजारच्याच टेबलात असते. एकाच प्रकारची ओळ पहिल्या पायरीतही अडू शकते: जिच्या मजकुरात शून्य किमतीचा बाइट आहे ती. ओरॅकल तो साठवतो, पोस्टग्रेस कोणत्याही परिस्थितीत घेत नाही. तो वाचतानाच काढून टाकावा.

चालू डेटाबेसमधून वाचताना एक काळजी घ्यावी लागते. खाती दहा वाजता वाचली आणि त्यांवरचे व्यवहार सव्वादहाला, तर मधल्या पंधरा मिनिटांत उघडलेल्या खात्यांचे व्यवहार येतात, खाती येत नाहीत. ओरॅकलमध्ये प्रत्येक क्वेरीला ‘ॲज ऑफ एससीएन’ (एससीएन म्हणजे बदलांचा चढता क्रमांक) जोडून सगळी टेबले एकाच क्षणाची वाचता येतात. वाचन फार लांबले तर ओआरए-०१५५५, म्हणजे जुने चित्र आता उपलब्ध नाही, अशी त्रुटी येते. त्यामुळे मोठी टेबले आधी वाचावीत आणि डीबीएशी, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्याशी, बोलून अनडूची (बदलापूर्वीच्या किमती जपून ठेवण्याची) मुदत वाढवून घ्यावी.

रोजच्या बदलांसाठी बहुतेक जण ‘शेवटची दुरुस्ती’ या वेळेच्या स्तंभावर विसंबतात. त्यात दोन भोके आहेत. काढून टाकलेली ओळ त्यात कधीच दिसत नाही. शिवाय दहा वाजता बदललेली पण दहा वाजून पाच मिनिटांनी कमिट झालेली ओळ दहा वाजून तीन मिनिटांच्या फेरीला दिसत नाही आणि पुढची फेरी तीन मिनिटांपुढचेच मागते, म्हणून ती कायमची सुटते. प्रत्येक फेरीत मागचा एक तास पुन्हा वाचावा आणि भरताना पोस्टग्रेसचे ‘ऑन कॉन्फ्लिक्ट’ वापरून तीच ओळ पुन्हा आली तरी बिघडणार नाही असे करावे.

काढलेल्या ओळींसाठी केटलमध्ये ‘मर्ज रोज डिफ’ ही स्टेप आहे. जुना आणि नवा असे दोन प्रवाह ती किल्लीच्या क्रमाने शेजारी ठेवून तपासते आणि प्रत्येक ओळीवर तीच, बदललेली, नवी किंवा काढलेली असा शिक्का मारते. स्टेप उत्तम आहे, पण दोन्ही प्रवाह एकाच क्रमाने लावलेले असले पाहिजेत, ही तिची अट शब्दशः पाळावी लागते. किल्ली मजकुराची असेल तर ओरॅकलचा ऑर्डर बाय, पोस्टग्रेसचा ऑर्डर बाय आणि जावाची तुलना असे तीन वेगळे क्रम असू शकतात. जुन्या लिनक्सवर, म्हणजे ग्लिबसी या त्याच्या मूळ लायब्ररीच्या २.२८पूर्वीच्या आवृत्त्यांवर, इंग्रजी-भारत लोकेल (भाषा-देशाची सेटिंग) लावलेला पोस्टग्रेस क्रम लावताना मधल्या आडव्या रेघेकडे सुरुवातीला दुर्लक्ष करतो. जावा तसे करत नाही. ‘ए-१२’ आणि ‘ए११’ अशा सभासद क्रमांकांचा क्रम त्यामुळे दोन बाजूंना वेगळा लागतो आणि दोन्हीकडे असलेली ओळ एकीकडे काढलेली, दुसरीकडे नवी ठरते. पुढे ‘सिंक्रोनाइझ आफ्टर मर्ज’ जोडलेले असेल तर चांगली नोंद खरोखरच पुसली जाते. ओरॅकलमध्ये क्रम बायनरी आणि पोस्टग्रेसमध्ये कोलेशन (क्रम लावण्याचा नियम) ‘सी’ असे क्वेरीतच लिहावे. आकड्यांची किल्ली असेल तर हा प्रश्न येत नाही.

ताळा करताना नुसत्या ओळी मोजून थांबू नये. वर सांगितलेल्या चुकांपैकी कितीतरी अशा आहेत की त्यांत ओळींची संख्या अगदी बरोबर राहते. शाखा आणि आर्थिक वर्ष यांनुसार शिल्लक रकमांची बेरीज, प्रत्येक स्तंभातले नल, वेगळ्या किमतींची संख्या आणि सर्वांत मोठी लांबी हे दोन्हीकडून काढून शेजारी ठेवावे. गटवार बेरीज यासाठी की एकूण जुळूनही दोन शाखांची खाती अदलाबदल झालेली असू शकतात. ओळीगणिक तपासायचे असेल तर सगळे स्तंभ जोडून त्याचा एमडी५ हा हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला ठसा, काढावा, पण तो दोन्ही डेटाबेसांत वेगवेगळा काढू नये: ओरॅकल अर्ध्याला ‘.५’ असे लिहितो आणि पोस्टग्रेस ‘०.५’ असे, आणि मग प्रत्येक ओळ चुकीची दिसते. किमती केटलमध्ये आणून, एकाच साच्यात मांडून तेथे हॅश काढला की तुलना खरी होते.

दार बंद करण्याच्या रात्रीचा क्रम आम्ही आधीच लिहून, चाचणीच्या प्रतीवर चालवून पाहिला होता. जुने ॲप्लिकेशन बंद करून ओरॅकल फक्त वाचण्यापुरते ठेवायचे, शेवटचा फरक न्यायचा, इंडेक्स बांधायचे आणि फॉरेन की (एका टेबलातली नोंद दुसऱ्यातल्या पालक नोंदीशी बांधणारे नियम) आधी ‘नॉट व्हॅलिड’ म्हणून लावून मग त्यांची पडताळणी चालवायची, म्हणजे पालक नसलेल्या नोंदी कोणत्या टेबलात आहेत ते एकेक करून कळते. त्यानंतर प्रत्येक सीक्वेन्स (नवे क्रमांक देणारा मोजक) टेबलातल्या सर्वांत मोठ्या क्रमांकापुढे नेऊन ठेवायचा. ईटीएलने क्रमांक थेट भरलेले असल्यामुळे सीक्वेन्स अजून एकवरच उभा असतो आणि सकाळी पहिलेच नवे खाते उघडताना किल्ली आधीच वापरलेली असल्याची त्रुटी येते. मग ‘ॲनालाइझ’ चालवायचे, नाहीतर नव्याने भरलेल्या टेबलांचा अंदाज प्लॅनरकडे (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या भागाकडे) नसतो आणि साधी क्वेरीही रेंगाळते. शेवटी गटवार ताळ्याचा अहवाल शाखेच्या लेखापालाच्या हातात द्यायचा आणि नाकारलेल्या नोंदींची यादी त्या-त्या शाखेकडे पाठवायची, कारण त्या सभासदाला ओळखणारे माणूस तेथेच बसते.